माळ्यावरला आवाज

ज्वारी डोक्याच्या वर गेली की माझे कान उभे राहतेत. दर साली राहतेत, औंदा बी राह्यले. काल सकाळी पांदणीच्या वाटंनं जाताना पाह्यलं, दोन्ही अंगानं धाटं इतकी वर गेलेली की मधून आभाळाची निसती चिंधी दिसती, पात्यावरलं दव खांद्यावर टिपटिप पडतं, आन् कुठं सळसळ झाली की ती वाऱ्याची का माणसाची ते कळत न्हाई. ज्वारी निसवली, कणीस बाहेर पडलं की लोकाला आनंद होतो. मला बी होतो, मी काय दगड हाय का, हुरड्याचा वास आला की माझ्या बी तोंडाला पाणी सुटतं. पण मला आधी भ्या वाटतं, आनंद त्याच्या मागून येतो, लंगडत.

शाळेच्या अंकात बायांनी बी काही लिवावं असा निरोप आला म्हणून लिवून राह्यले. मी सहावी शिकलेली, सहावीतूनच लगीन झालं, तवा चुका असतील तर असू द्या. सुजी, म्हणजे माझी सुजाता, आत्ता माझ्या पाठीवर लोंबकळून राह्यली, आई काय लिवती, आई काय लिवती, म्हणून अक्षरं बी हालून राह्यली. तीन साल पुरे होतेत तिला आता. मी लिवणार हाय ते ती आठ म्हैन्याची होती त्या साली घडलं, तिला त्यातलं काहीच आठवत न्हाई. मला समदं आठवतं.

आमचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडं, आन् आमची वस्ती वढ्याच्या काठाला. आमचे हे जालन्याला जिनिंगात, कापसाचे दिवस म्हणजे त्यांना सुट्टी न्हाई, पंधरा दिवसाला एकदा यायचे, केसात आन् भिवयात कापूस घेऊन, म्हातारे झाल्यावानी दिसायचे. घरात मी, सुजी आन् आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझी सासू. गावातले एक वयस्क शेतकरी हाईत, समदे त्यांना आण्णा म्हणतेत, त्यांच्या रानाची राखण तीस साल आत्याबाईकडं होती. त्या साली त्यांचे गुडघे गेले आन् राखण माझ्याकडं आली. राखणीची ज्वारी मिळायची, तिच्यावरच आमचा उन्हाळा निघायचा, तवा न्हाई म्हणायची सोय नव्हती.

राखण म्हणजे कणसात दूध भरलं तवापासून काढणीपस्तोर पाखरं हाकायची. पाखरं माणसाच्या आधी उठतेत, म्हणून उजाडायला माळ्यावर चढलेलं पाह्यजे. चार लाकडं रोवून त्याच्यावर फळ्या, तो माळा. खाली झोळीत सुजी, वर मी, अंगावर घोंगडी, हातात गोफण आन् एक पत्र्याचा डबा. चिमण्या, राघू, साळुंक्या, झुंडीनं येतेत. आन् आमच्याकडं एक रीत हाय, एका माळ्यावरून हाक निघाली की शेजारच्या माळ्यावाल्यानं बी द्यायची, त्याच्या शेजारच्यानं बी द्यायची. न्हाईतर इथून उडालेली पाखरं त्याच्या रानात जाऊन बसतेत. म्हणून सकाळच्या पारी हाक अशी फिरत राहती रानातून, इकडून तिकडं, तिकडून पलीकडं. कोण कुणाचं तोंड पाहत न्हाई, निसता आवाज वळखू येतो.

माळ्यावर मला कधी भ्या वाटलं न्हाई. भ्या होतं ते पांदणीत.

पांदणीच्या मधोमध एक पडकी इहीर हाय, तिथं तो उभा राहायचा. बाजूच्या रानातला. बायको असलेला, दोन लेकराचा बाप. त्याचं नाव मी लिवत न्हाई. लाजून न्हाई, ज्याला कळायचं त्याला कळतंय. पहिल्या दिवशी निसता उभा होता. दुसऱ्या दिवशी लेकराचं नाव इचारलं आन् वाटंतून हालला न्हाई, मी धाटात शिरून गेले, पात्यानं गाल कापला. चौथ्या का पाचव्या दिवशी त्यानं मनगट धरलं. जोरात न्हाई धरलं. जोरात धरलं असतं तर मी वरडले असते असं मी मनाला सांगत होते, पण ते खोटं हाय, मी वरडले नसते. मी थिजले. पाय जिमिनीत रोवल्यावानी झाले. सुजी त्याच्याकडं पाहून हासली, तिला काय ठावं. तो सोडताना म्हणला, "बांगड्या लै किणकिणतेत तुह्या."

दुसऱ्या दिवशी मी बांगड्या वर सारल्या आन् त्याच्यावर फडकं गुंडाळलं. आज हे आठवलं की मला त्याच्यापेक्षा माझाच राग येतो. वंगाळ तो वागला, आन् गप मी माझ्या बांगड्याला केलं.

आत्याबाईला सांगितलं तवा त्या चुलीपशी होत्या. त्या म्हणल्या खाली मान घालून जायचं, इकडं तिकडं पाहायचं न्हाई, मी तीस साल तशीच गेले. मी इचारलं, तुम्हाला कुणी धरलं न्हाई का कधी. त्या म्हणल्या, भाकर करपून राह्यली. मी पाह्यलं, भाकर करपत नव्हती.

पण दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर निघाल्या. गुडघ्याला वेखंडाचा लेप, हातात काठी, आन् वीस पावलं चाललं की बसायचं. सकाळी मला सोडायला, संध्याकाळी आणायला. दुपारची पाखरं सावलीला बसतेत, आन् तवा पांदणीत भाकरी घेऊन जाणाऱ्या बाया असतेत, म्हणून दुपारी मी एकटी घरी येऊन जायची. सकाळ संध्याकाळ मात्र आत्याबाई. त्यांचे गुडघे दिवसागणिक सुजून राह्यले होते. मला दिसत होतं, ह्या बाईचे पाय आठ पंधरा दिवसात बसणार, आन् मंग एक तर राखण सोडायची न्हाईतर एकटीनं त्या इहिरीपासून जायचं. तिसरी वाट नव्हती.

त्याच साली शाळेवर खरात सर बदलून आल्ते. औरंगाबादला शिकलेले, आपल्यातलेच, लगीन नवं, वहिनीला दिवस गेलेले. हॉस्टेलात असताना ते कराटे शिकले होते. सकाळी शाळेच्या मागं लिंबाखाली पांढरे ढगळे कपडे घालायचे, कमरेला तपकिरी पट्टा बांधायचे आन् सातवीच्या पोरांना रांगेत उभं करून हवेत बुक्क्या मारायला लावायचे. गाव हासून हासून बेजार. पारावरच्या एकानं इचारलं म्हणे, मास्तर, कासरा तर कमरंला हाय, बैल कुठं सोडला. सर म्हणले, बैलच धुंडून राह्यलो, तुम्ही येता का.

आमचा पाण्याचा हापसा शाळेच्या अंगाला हाय. एक दिवस मी घागर भरून निघाले तर पोरांचं चालू होतं. एका पोरानं दुसऱ्याचं मनगट धरलं. तसंच, बिलकुल तसंच. आन् दुसऱ्यानं ओढाओढ केली न्हाई, निसता हात फिरवला, धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या अंगानं, आन् हात सुटला. इतकंच. मी तिथंच उभी. घागरीतलं पाणी मानंवरून पाठीत जाऊन राह्यलं तरी मी उभीच. दोन दिवस मी झाडताना, सारवताना, माझंच मनगट माझ्याच हातानं धरायचे आन् फिरवून पाहायचे. स्वतःचं स्वतः धरलेलं सुटत न्हाई, हे बी मला तवा कळलं.

मंग मी सरांना इचारलं.  "सर, हे बायाला येतं का?"

सर म्हणले, "बायाला मनगट असतं ना?"

आत्याबाईनं ऐकलं तर वाटलं आता घरात राडा होणार. पण त्या गुडघा चोळत बसल्या. मंग म्हणल्या, मास्तराची बायको तिथं बसली पाह्यजे, तरच. तवा दुपारच्या सुट्टीत मी जायची, वहिनी लिंबाच्या बुडाला बसायच्या, मांडीवर सुजी, आन् आत्याबाई बी बसायच्या, राखणदारीण म्हणून. सर मोजायचे, इच, नी, सान, शी. आत्याबाईनं दोन दिवस ऐकलं आन् तिसऱ्या दिवशी इचारलं, मास्तर, आपून धम्म घेऊन देव सोडले त्याला इतके साल झाले, हे आता कुण्या नव्या देवाचं नाव घेऊन राह्यले. सर जिमिनीवर बसून हासले. म्हणले आत्या, हे एक दोन तीन चार हाय, जपानातलं. आत्याबाई म्हणल्या, मंग आपले एक दोन तीन काय वाईट हाईत. तवापासून सर माझ्यासाठी एक दोन तीन मोजायचे.

नऊवारीत कसं जमंल म्हणून सरांनाच भ्या होतं. पण कासोटा मारलेली बाई घोड्यावर बसल्यावानी पाय फाकून, गुडघे वाकवून उभी राह्यली की कशी राहती, हे त्यांना ठावं नव्हतं. भात न्हाई लावत आमच्याकडं, पण निंदणी हाय, खुरपणी हाय, जन्म वाकण्यात जातो. पोरांच्या मांड्या दोन मिनिटात लटलटायच्या, मी उभीच. सरांनी पोरांना सांगितलं, बघा, असं उभं राहायचं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बघा म्हणलं.

हात मात्र येईना. मूठ वळताना माझा अंगठा आत जायचा, दाणे धरल्यावानी. सर म्हणायचे अंगठा बाहेर, न्हाईतर स्वतःचाच मोडंल. आन् बुक्की जायचीच न्हाई पुढं. निघायची आन् मधीच परत यायची. लै दिवस कुणाला कळंना असं का. मंग वहिनीनं बसल्या बसल्या सांगितलं, अहो त्यांच्या हाताला ओढायचंच ठावं हाय. खरंच की. पोहरा ओढायचा, इळा ओढायचा, झाडू ओढायचा, जातं बी स्वतःकडं ओढायचं. बाईचं समदं काम अंगाकडं हाय. अंगापासून दूर ढकलायचं असं एक बी काम मला आठवंना. सर म्हणले, मंग दुसरा हात ओढा. डावा कमरेकडं ओढा जोरानं, उजवा आपोआप जातो पुढं. त्या दिवशी पहिली बुक्की सरळ गेली. पार टोकापस्तोर. मला असं वाटलं, हात माझ्या अंगापेक्षा लांब हाय, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोरं खिडकीतून पाहायची, खिदळायची. गावात बी झालं, अमक्याची सून मास्तराबरोबर कुस्त्या खेळती. हापशावर एक बाई म्हणली, आता नवऱ्याला मारतीस का काय. मी म्हणलं, तो पंधरा दिवसानं येतो, तोपस्तोर विसरून जाते. बाया हासल्या, ती बी हासली. घरी आल्यावर मला रडू आलं. असंच हाय माझं, बाहेर जबाब देते आन् घरात रडते.

पण मुख्य गोष्ट वेगळीच अडली होती. आवाज. बुक्कीबरोबर पोटातून आवाज काढायचा असतो, मोठा, समोरच्याच्या छातीत धडकी भरंल असा. तो मला निघंना. सर पुढं, वहिनी पुढं, सासू पुढं, शाळेच्या खिडकीत पोरं, आन् मी वरडू? माझ्या आईनं मला शिकवलं होतं, सासरी भांडं बी वाजू द्यायचं न्हाई. मी तोंड उघडायची आन् निसती हवा यायची, फुंकणीतून यावी तशी. सर लै शांत माणूस, पण एक दिवस तेबी वैतागले. "गयाबाई, समदं बराबर हाय, आवाज न्हाई. आवाज नसंल तर ही निसती कवायत हाय."

आत्याबाई तिथंच बसलेल्या.  मला वाटलं सोडून द्यावं. आत्याबाईचा उजवा गुडघा तवा नारळाएवढा झाला होता.

मंग आयतवार आला. सर आन् वहिनी हुरडा खायला कुणाच्या तरी रानात आल्ते, फिरत फिरत आमच्या अंगानं निघाले. राघूंची मोठी झुंड उतरली होती, मी माळ्यावर उभी, डबा बडवून राह्यले, आन् वरडून राह्यले, हाऽऽऽ हो हो होऽऽऽ, पार आतड्यापासून, शेजारच्या माळ्यावरून जबाब येऊन राह्यला, त्याच्या पलीकडून येऊन राह्यला. सर दोन रानं पलीकडं होते. त्यांनी वहिनीला इचारलं म्हणे, हा कोण गडी हाय, काय छाती हाय त्याची. वहिनी म्हणल्या, गडी कसला, गयाबाई हाय ती.

सर माळ्याखाली येऊन उभे राह्यले. मी पदर सावरून खाली उतरले, जशी चोरीच सापडली. ते इचारले, आत्ता कोण वरडत होतं. मी म्हणलं, मी, पाखरं हाकत होते. ते म्हणले, "मंग शाळेत काय होतं तुम्हाला?"

मी म्हणलं, "तिथं पाखरं न्हाईत, सर."

सर हासायला लागले, आन् हासता हासता थांबले. मला ते थांबणं आठवतं. मंग मान हालवत निघून गेले. पण मला दिवसभर जागेवर बसू दिलं न्हाई त्या बोलण्यानं. मी माझ्याच बोलण्याचा इचार करत राह्यले. आण्णाच्या कणसासाठी मी सकाळपासून संध्याकाळपस्तोर वरडते, त्याला कुणी बाईचं वरडणं म्हणत न्हाई, त्याला राखण म्हणतेत. दुसऱ्याच्या दाण्याला चोच लागू नये म्हणून माझा गळा मोकळा. आन् माझ्या स्वतःच्या मनगटाला कुणी धरलं तर गळ्याला कुलूप. हे कुलूप कुणी घातलं? मी रागानं इतकी वरडले त्या संध्याकाळी की शेजारच्या माळ्यावरला म्हातारा खाली उतरून पाहायला आला, साप निघाला का काय.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मी डोळे मिटले, समोर राघू उतरले असं धरलं, आन् आवाज निघाला. शाळेतली दोन पोरं बाकावरून पडली असं सरांनी मला नंतर सांगितलं, खरं खोटं त्यांना ठावं.

ह्याच्यानंतर आठवड्याभरानं आत्याबाई उठल्याच न्हाईत. गुडघा वाकंना. त्या म्हणल्या आजच्या दिवस नको जाऊ. मी म्हणलं आजच्या दिवसाचं उद्या होतं, उद्याचं परवा. सुजीला घेतलं आन् निघाले. उगंच धीराच्या गोष्टी लिवणार न्हाई, भ्या होतंच.

तो इहिरीपशी होताच. म्हणला, म्हातारी कुठं हाय आज. मी चालतच राह्यले. त्यानं मनगट धरलं, उजवं. शिकताना माझे दोन्ही हात मोकळे असायचे, सुजी वहिनीच्या मांडीवर. तिथं माझ्या डाव्या कमरेवर लेकरू होतं, आन् एकच हात, तोबी धरलेला. हे तर कुणी शिकवलंच नव्हतं, सरांच्या बी ध्यानात आलं नव्हतं आन् माझ्या बी. पोरीची आई शिकून राह्यली आन् शिकताना पोर बाजूला, अशी आमची अक्कल. एक घडीभर मी पुन्हा थिजले, पहिल्यावानीच. मंग हात फिरला. मी फिरवला असं मला म्हणता येत न्हाई, तो फिरला, अंगठ्याच्या अंगानं, आन् सुटला. त्याच्या तोंडावर इतकं नवल होतं की काय सांगू. आन् मी मारली. छातीवर मारायची ती खांद्यावर बसली, आन् अंगठा आतच राह्यला होता, तो असा मुरगळला की डोळ्यापुढं काजवे. तो पडला बिडला न्हाई. एक पाऊल मागं गेला, बस. पण बुक्कीबरोबर आवाज निघाला होता. सुजी घाबरून रडायला लागली, इहिरीवरल्या झाडातली समदी पाखरं उडाली.

आन् तिकडून हाक आली. शेजारच्या माळ्यावरून, म्हाताऱ्याची. मंग त्याच्या पलीकडून. मंग वढ्याच्या अंगानं, मंग पार टेकडीखालून, हाऽऽ होऽऽ, हाऽऽ होऽऽ. त्यांना काय ठावं पांदणीत काय चालू हाय, त्यांना वाटलं गयानं पाखरं उठवली. तो बी शेतकरी हाय, त्याला बी ही रीत ठावं होती. पण इतकी माणसं हाईत, चारी बाजूनं, जागी, एका हाकेच्या टप्प्यात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असंल. मला बी पहिल्यांदाच कळलं. ती धाटं आडवी होती म्हणून मी इतके दिवस स्वतःला एकटी समजत होते. तो चारी बाजूला पाहत राह्यला आन् मंग त्याच्या रानात शिरला.

मी माळ्यावर गेले आन् दिवसभर राखण केली, सुजलेल्या अंगठ्यानं. गोफण धरता येईना, निसत्या आवाजावर पाखरं हाकली.

तिसऱ्या दिवशी आण्णांचं बोलावणं. त्या इहिरीवाल्यानं सांगितलं होतं की मी त्याची कणसं मोडत होते, हटकलं तर अंगावर गेले. वसरीवर पाच सहा माणसं, तो खांबाला टेकून बसलेला. सर येतो म्हणले होते, मी नको म्हणलं. ते बरोबर आले असते तर बोलणं त्यांचं झालं असतं. आत्याबाई आल्या, पाय ओढत. आण्णा चिडलेले दिसत नव्हते, पण राखण काढून घेणार हे तोंडावर होतं. ते म्हणले पांदणीत आपला माळा न्हाई, तिथं कशाला वरडत होतीस तू.

 मी म्हणलं, "आण्णा, तुम्ही मला वरडायलाच ठिवलं. धान्य नासणारं जिथं दिसंल तिथं मी वरडणार. ह्यांच्या रानाची मोडलेली कणसं असतील तर आत्ता चला, दाखवा म्हणा."

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हासलं, ते मला उद्देशून नव्हतं. तो उठला न्हाई, दाखवायला बी निघाला न्हाई. आण्णा लै वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत राह्यले, आन् मंग म्हणले, उन्हं वर आली, पाखरं खाऊन राह्यली, जा.

हा काही न्याय झाला न्हाई, मला कळतंय. त्याला कुणी एक शब्द इचारला न्हाई. आन् पुढच्या साली आण्णांनी राखण दुसऱ्याला देली, गोड बोलून. पण वढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्यानं माझा आवाज ऐकला होता, त्यानं बोलावून घेतलं. ते रान लांब हाय, आन् वाट तीच. आमचे हे तवा आल्ते तर लै तापले, मी असतो तर असं केलं असतं, तसं केलं असतं. मी म्हणलं, तुम्ही नव्हते ना पण.  मंग ते म्हणले जालन्याला चल. मी म्हणलं, जालन्यात वाटा न्हाईत का.

खरात सरांची बदली आष्टीकडं झाली. वहिनीला मुलगी झाली, त्या तिला घेऊन मला भेटायला आल्त्या, जाताना. सर म्हणायचे, सराव करत राहा, सुधारणा होत जाती, भ्या निघून जातं. सर, तुम्ही खोटं बोलले. सुधारणा झाली, अंगठा आता बाहेर राहतो, सुजीला कमरेवर घेऊन बी मला फिरता येतं, ते मी माझं मीच बसवलं. भ्या मात्र गेलं न्हाई. ते पोटात बसून राहतं. फरक इतकाच की आधी पाय त्याला इचारून निघायचे, आता पाय त्याला इचारत न्हाईत. तो अजून दिसतो कधीमधी. मी वाट सोडत न्हाई. माझ्या छातीत धडधड होती, होऊ द्या, ती माझी छाती हाय. दुपारची पाखरं बसली की शेजारच्या माळ्यावरल्या दोघी जणी येतेत माझ्याकडं, मनगट सोडवायला शिकतेत, एकीचा अंगठा आत जातो. मी काही सर न्हाई. मला जे लागलं ते तिला लागू नये इतकंच पाहते.

परवा दुपारी आत्याबाई ओट्यावर तुरी निवडत होत्या आन् मी आंगणात हात मारून राह्यले होते. बराच वेळ पाहून झाल्यावर त्यांनी सूप बाजूला सारलं. म्हणल्या, "गये, मूठ कशी वळतेत ग?"

मी त्यांच्यापुढं बसले. त्यांची बोटं पुरी मिटत न्हाईत, करंगळी बाहेरच राहती. मी एक एक बोट मिटवून दिलं, अंगठा वरून लावला आन् माझा तळवा पुढं धरला. पहिली अशी लावली की माशी बी उडाली नसती. मी म्हणलं जोरानं मारा, मी काही मोडत न्हाई. दुसरी जरा बरी. मंग त्या थांबल्या, कुठं तरी पाहत राह्यल्या, माझ्या मागं, भिंतीच्या बी मागं. आन् तिसरी मारली. माझा हात खांद्यापस्तोर झणाणला. त्यांचा पदर खाली आला, धाप लागली, तोंड लाल झालं. पदर त्यांनी उचलला न्हाई.

ती कुणाला होती ते मी इचारलं न्हाई. तळवा तसाच पुढं धरला.

"अजून एक मारा," मी म्हणलं.